साथीच्या काळात एचआयव्ही तपासणी चालू कशी ठेवायची: आयसीटीसीसाठी कामाची पद्धत

एप्रिल ते सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांत आफ्रिका आणि आशियातल्या ३२ देशांमधल्या ५०२ आरोग्य केंद्रांची पाहणी ग्लोबल फंडाने (एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने) केली. आदल्या वर्षाच्या त्याच काळाशी तुलना केली तेव्हा एचआयव्हीच्या चाचण्या ४१ टक्क्यांनी आणि क्षयरोगाच्या संशयितांची पाठवणी ५९ टक्क्यांनी घटलेली दिसली. आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांत हेच चित्र होते. लॉकडाऊन लागला, एसटी थांबली, मुंबईची लोकल सर्वसामान्यांना बंद झाली. लोकांनी रुग्णालयाची वाट टाळली आणि आयसीटीसीचे (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राचे) रजिस्टर रिकामे राहू लागले.

पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे माहीत नसले, तरी तपासणी कुठे कुठे तुटते हे कोविडने दाखवून दिले आहे. हा लेख समुपदेशक, लॅब टेक्निशियन, टीआय प्रकल्पातले (जास्त जोखमीच्या गटांमध्ये काम करणाऱ्या प्रकल्पांतले) कार्यकर्ते आणि तालुका-जिल्हा पातळीवर हे काम पाहणाऱ्यांसाठी आहे. एकूण चाचण्यांच्या आकड्यावर लक्ष ठेवून भागत नाही, कोण सुटले याची यादी हाताशी लागते. पुढचे सगळे त्या यादीभोवती आहे.

आधी आकडा नीट वाचा

समजा, एका केंद्रात महिन्याला ६०० तपासण्या होतात. त्यात २५० गरोदर स्त्रिया आणि ३५० इतर. पॉझिटिव्ह निघतात ७, आणि ते सगळे ‘इतर’मधले. साथीच्या महिन्यात गरोदर स्त्रियांच्या तपासण्या २१० वर येतात, कारण बाळंतपणे काही थांबत नाहीत. इतर मात्र थेट ९० वर घसरतात. पॉझिटिव्ह निघतात ४.

आता यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात आणि आढावा बैठकीत दोन्ही ऐकायला मिळतात. पहिला म्हणजे ‘सातावरून चारावर आलो, प्रमाण घटले.’ दुसरा म्हणजे ‘इतर गटात पॉझिटिव्हिटी दोन टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांच्या आसपास गेली, संसर्ग वाढला.’ खरे कारण साधे आहे. ज्याला चालवत नव्हते, ज्याचे वजन उतरले होते किंवा ज्याच्या जोडीदाराचा रिपोर्ट आला होता, तोच तेवढा घराबाहेर पडला. बाकीचे आलेच नाहीत. म्हणून रजिस्टरमधला आकडा कधीही एकत्र पाहू नका. गरोदर स्त्रिया, क्षयरुग्ण, गुप्तरोगाचे रुग्ण, पॉझिटिव्ह व्यक्तींचे जोडीदार, टीआयमधून आलेले आणि स्वतःहून आलेले असे सहा रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात साथीआधीच्या तीन महिन्यांची सरासरी आणि चालू महिना शेजारी शेजारी लिहा.

वरच्या उदाहरणात ‘इतर’ गटात महिन्याला २६० जण कमी आले आणि ढोबळमानाने ३ पॉझिटिव्ह हुकले. चार महिने हेच चालले तर डझनभर माणसे आपल्या संसर्गाची कल्पना नसताना गावात वावरत असतात. हा अंदाजच आहे, पण मनुष्यबळ मागायला गेल्यावर वरिष्ठांपुढे ठेवण्यासारखा हाच कागद असतो.

गरोदर स्त्रियांचा हिशेब मात्र सरासरीवर सोडू नका. तिथे नेमका आकडा मिळतो. त्या महिन्यात नोंदणी झालेल्या किती आणि त्यातल्या तपासलेल्या किती, एवढे पाहा. फरक ४० असेल तर ४० नावे निघालीच पाहिजेत.

माणसे काढून घेतली जातात, तेव्हा

२०२० मध्ये लॅब टेक्निशियन (एलटी) स्वॅबच्या कामाला गेले आणि समुपदेशक संपर्क शोधायच्या किंवा फोन करायच्या कामाला. हे पुन्हा होणार हे धरूनच तयारी ठेवा. एलटी नसले तर केंद्राला कुलूप लागते ही सवय मोडायला हवी. बोटाच्या टोकातून रक्त घेऊन करायची प्राथमिक तपासणी प्रशिक्षित परिचारिका किंवा एएनएम करू शकतात, एफ-आयसीटीसीत (आरोग्य केंद्रातच प्राथमिक तपासणी करणाऱ्या केंद्रांत) त्या करतातच. प्रत्येक मुख्य आयसीटीसीत साथ नसतानाच किमान दोन परिचारिकांकडून ही तपासणी करून घ्या. एकदा दाखवले की येते असे समजू नका, त्यांच्या हातून प्रत्यक्ष तपासण्या व्हायला हव्यात.

यात जे बिघडते ते बहुधा वेळेत. किटच्या पत्रकात निकाल वाचायची वेळ दिलेली असते, त्यापेक्षा आधी वाचू नये आणि उशिरा तर मुळीच वाचू नये. वॉर्डात धावपळ चालू असताना पट्टी ठेवून परिचारिका दुसऱ्या कामाला जाते आणि पाऊण तासाने येऊन बघते. तोवर रेषेसारखे काहीतरी फिकट उमटलेले असते. मग विनाकारण घबराट. उपाय म्हणजे पट्टीशेजारी कागदावर ‘सुरू’ आणि ‘वाचायची वेळ’ लिहायची आणि मोबाइलवर गजर लावायचा. कंट्रोलची रेषा (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नसेल तर चाचणी बाद, मग दुसरी रेषा कितीही ठळक असो. नवी पट्टी घेऊन पुन्हा करा.

प्राथमिक तपासणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे किटवर संसर्गाची खूण उमटली, एवढ्याने माणूस पॉझिटिव्ह ठरत नाही. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत वेगवेगळ्या प्रकारच्या तीन किटवर रिॲक्टिव्ह आल्याशिवाय निदान देता येत नाही. एरवी आपण माणसाला मुख्य केंद्रावर पाठवतो. वाहने बंद असताना माणूस पाठवला की तो पोहोचत नाही. त्याऐवजी नमुना पाठवा. संमती घेऊन शिरेतून रक्त घ्या, साध्या नळीत गोठू द्या, सीरम वेगळे करा, पीआयडी नंबर (नावाऐवजी वापरायचा ओळख क्रमांक) लावा आणि २ ते ८ अंशांत ठेवून जी गाडी जिल्ह्याला जाते तिच्यातून धाडा. लस, स्वॅब, थुंकीचे नमुने नेणारी गाडी साथीतही धावत असतेच. सीरम वेगळे करायची सोय नसेल तर नळी थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. अख्खे रक्त फ्रीजरमध्ये टाकू नका, पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

किटचा साठा: मागणीपत्रात होणारी चूक

मागणीपत्र भरताना मागच्या तीन महिन्यांच्या वापराची सरासरी काढायची पद्धत आहे. साथीत ही पद्धत फसते. ६०० चे ३०० झालेल्या महिन्यांवरून तीन महिन्यांसाठी ९०० पट्ट्या मागितल्या, आणि मधेच निर्बंध उठून गर्दी परतली, तर दीड महिन्यात कपाट रिकामे. म्हणून सरासरी साथीआधीच्या महिन्यांची धरा आणि हातातला साठा त्यातून वजा करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या किटची अडचण उलटी असते. त्या मुळातच कमी लागतात. साथीत त्यांचा वापर आणखी घटतो आणि अख्खा खोका मुदत संपून जातो. दर पंधरवड्याला मुदतीचा तक्ता करा, ज्याची मुदत आधी संपते तो पुढे ठेवा. तीन महिन्यांत मुदत संपणार असेल तर डापकूला (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला) कळवून तो जास्त वापराच्या केंद्राकडे वळवा. पहिली किट भरपूर आणि दुसरी संपलेली, अशा केंद्रात रिॲक्टिव्ह माणूस निकालाविना घरी जातो आणि साथीत तो परत येईलच असे नाही.

फ्रीजचा प्रश्न वेगळाच. लसीकरण सुरू झाले की शीतसाखळीचा फ्रीज लसींना जातो. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या किट मागवल्या म्हणजे सुटलो असे वाटते, पण त्यांचीही मर्यादा साधारण ३० अंशांची असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या खोलीत पारा कुठे असतो हे सांगायला नको. तापमापक लावून दिवसातून दोनदा नोंद करा. थंड ठेवलेली किट बाहेर काढली की पाकीट बंद असतानाच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच फोडली तर पट्टीवर दमटपणा धरतो.

येणाऱ्या माणसाची वाट

आयसीटीसी बहुधा ओपीडीच्या इमारतीत असते आणि साथीत नेमकी तीच इमारत बंद होते किंवा अलगीकरणासाठी जाते. केंद्र हलवावे लागले तर मंडपावर ‘एचआयव्ही तपासणी’ अशी पाटी लावू नका. ‘रक्ततपासणी, खोली क्र. १२’ पुरे. गेटवरच्या रखवालदाराला खोली क्रमांक माहीत हवा. बऱ्याच जणांची वाट ‘सगळं बंद आहे’ हे त्याचे एक वाक्य ऐकून संपते.

रस्त्यावरच्या नाकाबंदीत एआरटीचे (एचआयव्हीच्या औषधोपचाराचे) पुस्तक दाखवून सुटका करून घ्यावी लागणे हा लॉकडाऊनमधला सर्वांत वाईट प्रकार. चौकात चार माणसांसमोर आजार जाहीर करणे आले. रुग्णालयाच्या शिक्क्याचे, आजाराचे नाव नसलेले पत्र द्या: ‘यांना अमुक तारखेला तपासणी व नियमित औषधांसाठी येणे आवश्यक आहे.’ एवढ्यावर काम होते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात गोपनीयता हा हक्क आहे. आणीबाणीत तो निलंबित होत नाही.

चाचणीआधीचे समुपदेशन फोनवर करता येते आणि त्यामुळे केंद्रातली वेळ निम्मी होते. फोन लावल्यावर पहिले वाक्य असे हवे: ‘मी सरकारी दवाखान्यातून बोलतेय, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ घरात सगळे कोंडलेले असतात आणि फोन बहुतेक स्पीकरवर असतो. समोरून ‘हो’ आल्याशिवाय विषय काढू नका. ‘नाही’ म्हटले तर त्यांनाच वेळ विचारा. संमती मात्र केंद्रात, समोरासमोर घ्या. आणि पॉझिटिव्ह निकाल फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर द्यायचा नाही. ‘रिपोर्ट आलाय, येऊन घेऊन जा’ हे वाक्य नॉन-रिॲक्टिव्हवाल्यांनाही तसेच सांगा. नाहीतर कोणाला बोलावले यावरूनच लोक ओळखतात.

सर्वांत आधी कोणाला

सगळ्यांना पुरेल एवढे हात नसतील तेव्हा क्रम लावावा लागतो. हा क्रम गर्दीनुसार लावू नका. उशीर झाला तर कोणाचे नुकसान भरून निघणार नाही, त्यावरून लावा.

पहिला क्रमांक पॉझिटिव्ह मातेच्या बाळाचा. सहा आठवड्यांची डीबीएस तपासणी (कार्डावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांची) चुकली तर ते बाळ बहुधा आजारी पडूनच पुन्हा दिसते. संसर्ग झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत तर त्यातली जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात. केंद्रातल्या अशा सगळ्या बाळांची जन्मतारखेनुसार यादी करा आणि ६ आठवडे, ६, १२ आणि १८ महिन्यांच्या तारखा आजच लिहून ठेवा. तारीख हुकली असेल तर पुढच्या टप्प्याची वाट पाहू नका, बाळ भेटेल त्या दिवशी नमुना घ्या. लसीकरणाचे सत्र जिथे असेल तिथेच गाठ घालता येते.

डीबीएस घेताना टाच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेका, टाचेच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसून टाका. मग प्रत्येक वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने भरा. एकावर एक थेंब टाकला की थर बसतो आणि प्रयोगशाळा कार्ड परत पाठवते. कार्ड आडवे ठेवून सावलीत किमान तीन-चार तास वाळवा, कोकणातल्या पावसाळ्यात रात्रभर. पंखा, हीटर, ऊन यांपैकी काही नको. रंग लाल राहिला तर ते ओले आहे, गडद चॉकलेटी झाला की वाळले. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह झिपच्या पाकिटात. साथीत कुरिअर आठवडाभर बंद राहू शकते. नीट वाळवून बंद केलेल्या कार्डाला तेवढ्याने काही होत नाही, दमट कार्डाला मात्र बुरशी येते.

त्यानंतर गरोदर स्त्रिया. साथीत बिनानोंदणीच्या बायका थेट कळा सुरू झाल्यावर येतात. प्रसूतीकक्षात चोवीस तास किट आणि ती वापरणारी व्यक्ती हवी, आयसीटीसीच्या कपाटाची किल्ली एलटीच्या खिशात असून चालत नाही. रात्री दोन वाजता प्राथमिक तपासणी रिॲक्टिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी सकाळपर्यंत थांबू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचे औषध आणि बाळाचे प्रतिबंधक औषध सुरू करायचे, तिन्ही किटची तपासणी सकाळी. निदान चुकीचे निघाले तर औषध थांबवता येते.

मग साथीच्या काळात नव्याने पॉझिटिव्ह निघालेल्यांचे जोडीदार आणि मुले. कमी चाचण्यांत जास्त निदाने इथेच होतात. एका माणसाच्या घरी तीन फोन करणे हे शंभर जणांच्या शिबिरापेक्षा उपयोगी पडते. मात्र जोडीदाराला कोण सांगणार, कसे सांगणार हे त्या व्यक्तीच्या मर्जीने ठरवा. घरात मारहाणीची शक्यता असेल तर थांबा. लॉकडाऊनमध्ये त्या बाईला माहेरी जाण्याचीही सोय नसते.

खोकला, ताप आणि घसरलेला ऑक्सिजन

कोविडच्या काळात एचआयव्हीचे निदान वैद्यकीयदृष्ट्या जिथे सर्वांत जास्त हुकले, ती ही जागा. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे ही क्षयरोगाची चार लक्षणे, त्यातली पहिली दोन कोविडचीही. माणूस आला, आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली, ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवला. त्यात क्षयरोग शोधणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे कोविडकडे वळवलेली, व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण मोजणारी) यंत्रेही त्याच कामाला लागलेली.

न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया तर हुबेहूब कोविडसारखा दिसतो. दोन्ही फुप्फुसांत काचेवर वाफ धरावी तशी छाया, बसल्यावर ऑक्सिजन ठीक आणि सहा मिनिटे चालवले की घसरतो. हा आजार प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली गेलेल्यांना होतो. त्यात कोविड समजून स्टिरॉइड दिले तर काही दिवस बरेही वाटते आणि मूळ आजार झाकला जातो. फरक कसा ओळखायचा? लक्षणे दोन-चार दिवसांची नसून तीन-चार आठवड्यांपासून हळूहळू वाढलेली असतात. तोंडात पांढरा थर, उतरलेले वजन, पूर्वी कधी नागीण उठल्याचा इतिहास यांपैकी काही आढळले, किंवा कोविडची चाचणी दोनदा निगेटिव्ह येऊनही ऑक्सिजन वर येत नसेल, तर एचआयव्हीची तपासणी सुचवा. साथीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांपर्यंत ही चार वाक्ये पोहोचवणे आयसीटीसीचे काम आहे. एक पान छापून डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवले तरी चालेल. फक्त भरतीच्या वेळच्या सह्यांच्या गठ्ठ्यात एचआयव्हीची संमती घुसडू देऊ नका. ती वेगळी आणि समजावून घ्यायची असते.

साथीत एक शंका हमखास येते: कोविड झाल्यामुळे किंवा लस घेतल्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला का? या शंकेला थोडा आधार आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने तयार केलेल्या लसीत एचआयव्हीच्या जीपी४१ प्रथिनाचा तुकडा वापरला होता. तो निरुपद्रवी होता, पण घेणाऱ्यांच्या एचआयव्ही चाचण्या खोट्या रिॲक्टिव्ह येऊ लागल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून द्यावी लागली. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये असा तुकडा नाही. कोणत्याही कारणाने एका किटवर खोटा निकाल आला, तरी तो दुसऱ्या-तिसऱ्या किटवर अडतो, तीन किटचा नियम त्यासाठीच आहे. तिन्हींचे निकाल जुळत नसतील तर ‘अनिश्चित’ असे लिहा आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा बोलवा. जोखीम नुकतीच घडली असेल तर नॉन-रिॲक्टिव्ह निकालही तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा लागतो. ती तारीख कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेली लक्षात राहत नाही. जोखीम ७२ तासांच्या आतली असेल तर चाचणीसोबत पीईपीसाठीही (संसर्ग रोखण्याच्या तातडीच्या औषधासाठीही) लगेच पाठवा. ते औषध २८ दिवस घ्यायचे असते.

वस्तीत न येणारी माणसे

कामाठीपुरा किंवा बुधवार पेठेतल्या अनेक बायका २०२० मध्ये गावी गेल्या. ट्रक थांबले, भिवंडीतले मजूर परतले. टीआयच्या यादीत ‘संपर्क नाही’ अशी खूण करून थांबू नका. पीअर कार्यकर्तीच्या (त्याच समुदायातल्या कार्यकर्तीच्या) फोनमध्ये बहुतेकांचे नंबर असतात. तिला रिचार्जचे पैसे द्या, तेवढ्यावर हे काम चालते. माणूस ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या आयसीटीसीचा पत्ता सांगा आणि कोणी नीट सांगत नसेल तर १०९७ ही नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) मोफत हेल्पलाइन. रेशनच्या वाटपासोबत तपासणी जोडायची कल्पना सोयीची वाटते, पण ‘तपासणी केली तरच धान्य’ असा समज झाला की संमतीला अर्थ उरत नाही. धान्याची आणि रक्ताची टेबले वेगळी ठेवा, शक्य तर वेगळ्या दिवशी.

आशाताईंना गृहीत धरू नका. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी त्या दारोदार फिरत होत्या आणि त्यांच्या हातात आधीच पाच रजिस्टरे होती. त्यांच्याकडून फक्त चुकलेल्या गरोदर स्त्रियांची नावे घ्या. कोणाचीही एचआयव्ही स्थिती त्यांच्यापर्यंत जाता कामा नये.

निर्बंध उठल्यावर

पॉझिटिव्ह निघालेला माणूस एआरटी केंद्रात नोंदला गेला का, हे पहिल्या आठवड्यात तपासा. साथीत निदान आणि औषध यांच्या मधे गळती सर्वांत जास्त होते. नावासमोर एआरटी नोंदणी क्रमांक लिहिलेला नसेल तर काम अपुरे आहे. जवळच्या लिंक एआरटीवर (एआरटी केंद्राच्या औषध देणाऱ्या उपकेंद्रावर) सोय आणि प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांची औषधे एकदम, ही २०२० मध्ये बसलेली पद्धत एआरटी केंद्राशी बोलून वापरा.

मग अनुशेष. उद्दिष्ट भरून काढण्यासाठी मार्च महिन्यात महाविद्यालयांत आणि कारखान्यांत शिबिरे घेण्याची घाई होते. चाचण्यांचा आकडा झपाट्याने वर येतो, पॉझिटिव्ह जवळपास कोणी सापडत नाही आणि सुटलेले तसेच सुटून राहतात. त्याऐवजी सहा रकान्यांचा तो कागद पुन्हा काढा. क्षयरोगाच्या नोंदीत ज्यांची एचआयव्ही स्थिती ‘अज्ञात’ आहे त्यांची नावे क्षयरोग विभागाकडून मागवा, साथीतल्या पॉझिटिव्हांच्या जोडीदारांची यादी पूर्ण करा, बाळांच्या तारखा पुन्हा जुळवा. दर्जा तपासणीसाठी दर तिमाहीला पाठवायचे नमुने बंद पडले असतील तर तेही लगेच सुरू करा, कारण घाईत शिकवलेल्या नव्या हातांच्या चुका तिथेच पकडल्या जातात. आणि तपासणी शिकलेल्या त्या दोन परिचारिकांची नावे पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत घालून ठेवा, त्यांची बदली व्हायच्या आत.